दहावर ठेवलेलं बटण

“पांघरुणात तोंड खुपसून बोलतेय मेली. घशात बोळा कोंबलाय का काय हिच्या?”

मित्रांनो, नव्या घरात पाऊल टाकल्यावर माझं झालेलं हे स्वागत. पाऊल म्हणजे आपलं म्हणायचं, मला पाय कुठले? पुटपुटणारी बाई इतकी जवळ होती, की तिचा कान माझ्या लाकडाला टेकला होता आणि कानातला डूल माझ्या कोऱ्या पॉलिशवर घासत होता. एवढा कान लावून ऐकूनही तिला मी घुसमटल्यासारखी वाटत होते. मला धक्काच बसला.

मी एक गिटार आहे, विजेवर वाजणारी. आपली कहाणी सांगायला बसतात त्या वस्तू बहुधा जुन्या असतात. गंजलेल्या, कोपऱ्यात टाकलेल्या, चार पावसाळे पाहिलेल्या. मी तशी नाही. माझ्या छातीवरच्या पत्र्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा अजून कुणी सोलला नव्हता. पण धक्के खायला वय कशाला लागतं? विजेच्या वस्तूनं लोकांना धक्के द्यावेत अशी रीत आहे. माझ्या बाबतीत सगळं उलटं झालं.

माझा जन्म कारखान्यातला. आधी लाकडाचा तुकडा होते, मग कापली गेले, घासली गेले, रंगले. माझ्या पोटात दोन पिकअप बसवले. पिकअप म्हणजे काय, तर ओळीनं उभे केलेले बारके लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरून माझी पोलादी तार हलली, की खालच्या वेढ्यांत इवलीशी वीज जागी होते. तीच वायरीतून पुढे जाते आणि स्पीकरमधून सूर होऊन बाहेर पडते. म्हणजे बघा, मी स्वतः फारसं बोलतच नाही. मी फक्त कुजबुजते. मोठ्यानं बोलतो तो स्पीकर.

माझ्या अंगावर बटणं आहेत. एक आवाज कमी-जास्त करतं. दुसऱ्याला टोन म्हणतात. त्याच्या पोटात चिंचोक्याएवढा एक कपॅसिटर जोडलेला आहे. बटण खाली आणलं, की तो सुरांमधली तीक्ष्ण धार गाळून टाकतो आणि आवाज लोण्यासारखा होतो. सगळ्यात वरच्या आकड्यावर, म्हणजे दहावर नेलं, की सगळी धार जशीच्या तशी बाहेर. आणि एक खोड सांगून ठेवते, ती पुढे लागणार आहे. स्पीकरला जोडून मला नुसतं ठेवलं, तर मी बारीक गुणगुणत राहते. घों... असं. कुणी माझ्या तारांवर हात ठेवला, की मी गप्प होते. हा बिघाड नव्हे. तान्ह्या पोराच्या पाठीवर हात ठेवला की ते गप्प होतं, तसंच थोडं.

कारखान्यातून निघताना एका तपासनीस बाईनं स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या पिकअपवर टेकवलं. स्पीकरमधून स्वच्छ ‘टक’ आलं. “ठणठणीत आहे,” ती म्हणाली आणि माझं झाकण लावलं. ते शिफारसपत्र मी काळजाशी धरून होते.

आता घरातली माणसं सांगते. घर म्हणजे एक ऑर्केस्ट्राच होता. माझी बाई गिटार वाजवायची. तिचा नवरा ड्रम बडवायचा, म्हणून त्याला सगळे ठोकेसाहेब म्हणायचे, बायकोसुद्धा. बाईचा धाकटा दीर कीबोर्ड वाजवायचा आणि सगळ्यांचे आवाज जुळवणारा मिक्सरही सांभाळायचा. लेक गायची. लग्नाचे हॉल, शाळांची संमेलनं, कुणाच्या निवृत्तीचा समारंभ, बोलावणं येईल तिथं चौघं व्हॅनमध्ये सामान कोंबून जायची. त्या घरात एक नियम मात्र काटेकोर होता. ज्याचं वाद्य त्याचं. दुसऱ्याच्या वाद्याला विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही. घरात कुणी कुणाचा टॉवेल वापरेल, चप्पल घालून जाईल, ताटातला घास उचलेल, पण वाद्याला हात नाही. बाईची आधीची गिटार स्टँड अंगावर पडून मानेत मोडली होती, तेव्हा तुकडेसुद्धा तिनं एकटीनं गोळा केले होते.

मित्रांनो, मला वाटायचं, बाईला ती जुनी जास्त प्रिय होती म्हणून मी नावडती. सवतीमत्सर म्हणा हवं तर. खरी गोष्ट मला पुढे कळली. जुन्या गिटारीचा आवाज बाईला ऐकू येत नव्हता, तो तिला पाठ होता. माझा पाठ नव्हता.

पहिल्याच दिवशी तिनं माझं टोनचं बटण दहावर नेलं. ऐकलं. नाक मुरडलं. आवाज वाढवला. स्पीकरवरचा तीक्ष्णपणाही वाढवला. कोपऱ्यात बसलेली लेक दचकली, तिच्या हातातला कप हिंदकळला. दिरानं मान खांद्यांत ओढून घेतली, कासवासारखी. बाई म्हणाली, “आता कुठं जरा बोलायला लागलीय. पण अजून बसलेलीच आहे.”

आणि मग त्या घरात एक अजब प्रकार सुरू झाला. त्याचा माझ्या कोऱ्या मनावर जो परिणाम झाला तो झालाच.

बाईनं लेकीला विचारलं, तुला कशी वाटते गं? लेक तिच्या डावीकडे बसली होती. ती उठून उजवीकडे आली आणि म्हणाली, तारा बदलून बघ आई, कारखान्याच्या तारा अशाच येतात. झालं. माझ्या नव्याकोऱ्या तारा उतरल्या, अधिक झणझणीत तारा चढल्या. बाईला फरक वाटला नाही. मग दीर तिच्या उजवीकडे येऊन म्हणाला, वहिनी, वायरीचा दोष असेल. माझं वायर खोचायचं भोक उघडलं गेलं, आतला टाका पुन्हा कथलानं जोडला गेला. तापलेल्या सोल्डरिंगचा तो वास! मी शहारले. फरक शून्य. मग ठोकेसाहेब म्हणाले, पिकअप खाली बसलेत, वर घे.

बाईला हे काम येत होतं. कुणाकडे न शिकता, उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून ती ते शिकली होती. तिनं पिकअपचे स्क्रू पिळत पिळत ते तारांच्या पार जवळ आणले. मित्रांनो, पिकअप जवळ आला की आवाज मोठा होतो, हे खरं. पण त्यात लोहचुंबक असतात. फार जवळ आले, की ते तारेलाच ओढायला लागतात. तार मोकळी डुलू शकत नाही, सूर थरथरतो आणि भलत्याच जागी जाऊन बसतो. कुणी तुमची कॉलर धरून ‘गा’ म्हटलं, तर कसं गाल? तशी मी गात होते.

“आता डगमगतेय,” बाई म्हणाली. तेवढं तिला बरोबर ऐकू आलं. तिनं पिकअप थोडे खाली घेतले आणि सुस्कारा टाकला.

शेवटी मला दुकानात नेलं. दुकानदारानं मला वाजवलं, कान टवकारले आणि बाईच्या खांद्यावरून ठोकेसाहेबांकडे पाहिलं. ठोकेसाहेबांनी इतकी बारीक मान हलवली, की ती फक्त त्याला आणि मला दिसली. दुकानदार खाकरला. म्हणाला, नवं लाकूड आहे ताई, मोकळं व्हायला वेळ लागतो. माझं लाकूड! तो धडधडीत खोटं बोलत होता, आणि माझ्याच नावावर. त्या दुपारी मला पहिल्यांदा शंका आली, की या लोकांना काहीतरी ठाऊक आहे आणि ते ठाऊक असण्याची किंमत मी भरतेय. प्रत्येकाचं एकेक खोटं आणि माझा एकेक स्क्रू.

ती शंका खरी ठरली एका सकाळी. बाई पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मला स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवून ठेवलं होतं. ओट्याशी तिघं उभी होती.

लेक हळू आवाजात म्हणाली, “बाबा, तुम्ही सांगा तिला.”

“काय सांगू?”

“तेच.”

“तू सांग की. तू लाडकी आहेस तिची.”

“काका, तुम्ही तरी.”

“मी?” दीर म्हणाला. “वहिनीनं मला पहिला सूर शिकवला. मी कुठल्या तोंडानं सांगू?”

‘तेच’ काय ते कुणी उच्चारलं नाही. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, अशी कर्कश, की माझ्या तारासुद्धा थरारल्या. पाठोपाठ दुसरी झाली. पलीकडून बाईचा आवाज आला, “अहो ठोकेसाहेब, गप्पाच मारताय वाटतं? कुकर लावायचा राहिला ना?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लेकीनं गॅस बंद केला आणि ओरडून म्हणाली, “लावतेय आई, आत्ताच लावतेय.”

मित्रांनो, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी आजवर वीज अंगातून वाहताना पाहिली होती, पण असा झटका कधी बसला नव्हता. मी घुसमटलेली नव्हतेच. माझी धार बाहेर पडत होती, साऱ्या घराला टोचत होती. फक्त एका माणसापर्यंत ती पोचत नव्हती. माणसाचा कान म्हणे असा एका दिवसात जात नाही. टोनचं बटण कुणीतरी रोज केसभर खाली फिरवावं तसा जातो. आधी शिट्ट्या जातात, मग पाखरं, मग बोलण्यातले स आणि श. खालचे आवाज राहतात, म्हणून माणसाला वाटतं, आपल्याला तर सगळं ऐकू येतंय, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

आणि ठोकेसाहेब का बोलत नव्हते, तेही मला त्यांच्या ड्रमकडे बघून कळलं. त्यांच्या उजव्या हाताला मोठी पितळी झांज होती. स्टेजवर बाई वर्षानुवर्षं त्या झांजेला खेटून उभी राहत आली होती, डावा कान तिच्याकडे करून. जागाच तशी असायची. शिवाय तिला तिथंच आवडायचं, नवऱ्याच्या ठोक्याशी.

आता दिरानं काय केलं बघा. माणूस मनाचा चांगला. त्यानं मिक्सरवर गुपचूप माझी धार आणि तिच्याबरोबर थोडा आवाजही कापायला सुरुवात केली, म्हणजे ऐकणाऱ्यांना त्रास नको. पण तिकडे त्यानं कापलं, की इकडे बाईला मी आणखी बसलेली वाटायचे. ती आणखी वाढवायची. तो आणखी कापायचा. दोघं दोन टोकांनी मला ओढत होती आणि दोघांचंही माझ्यावर प्रेम होतं. आवाज वाढवून वाढवून बाई उरलासुरला कानही स्पीकरच्या तोंडी देत होती, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नव्हतं. किंवा येत होतं आणि म्हणूनच कुणाला झोप लागत नव्हती.

मग शाळेचा तो कार्यक्रम झाला. सभागृहाचा स्वतःचा मिक्सर होता आणि त्यांचा स्वतःचा माणूस. त्यानं दिराला हात लावू दिला नाही. त्याचंही बरोबरच, त्यांच्याकडेही तोच नियम. पडदा उघडला, लेकीच्या गाण्याआधी बाईची सुरुवात होती. तिनं डोळे मिटून पहिली तार छेडली. टोन दहावर, स्पीकर तीक्ष्ण, न कापलेली मी. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज सभागृहभर गेला. माझाच आवाज, आणि मीच हादरले. पुढच्या रांगेतल्या लहान मुलांनी एकदम कानांवर हात ठेवले. एक चिमुरडी रडायला लागली. बाईनं डोळे उघडले. तिला मी छान मऊ ऐकू येत होते आणि समोर कान झाकलेल्या मुलांची रांग होती. ती वाजवायची थांबली नाही, पण तिची बोटं गार पडली. मला कळलं ना, माझ्याच मानेवर होती ती.

व्हॅनमध्ये परत येताना बाई म्हणाली, “दोष सापडल्याशिवाय सोडत नाही मी हिला आता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर चादर अंथरली आणि मला आडवं केलं. झाकण उघडलं. मीटरच्या दोन सुया घेऊन बाई एकेक जोड तपासू लागली. पिकअप बरोबर. आवाजाचं बटण बरोबर. टोनचं बटण बरोबर. अर्थिंगची तार जागच्या जागी. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, ‘टक’ आलं. काटा खोटं बोलत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती मीटरकडे बघत राहिली. मग तिनं आपले हात उलटसुलट करून पाहिले.

“मग दोष हातांत आहे,” ती म्हणाली. “बोटं गेली माझी. दाब चुकतोय. उगाच हिला बोल लावत होते मी.”

लेक पुढे आली. “आई, तसं नाही...”

“मग कसं?”

लेक चादरीची सुरकुती सारखी करू लागली. बाई वाट बघत होती. दिरानं खिडकीबाहेर पाहिलं. ठोकेसाहेब आपल्या काठ्या पुसायला लागले, पुसलेल्याच.

बाईनं शांतपणे माझं झाकण लावलं. म्हणाली, आज शेवटचं बघते. त्यातही काही कळलं नाही, तर ही दुकानात परत जाईल आणि मी वाजवणं बंद करेन. पोरं कान झाकतील असं वाजवण्यापेक्षा घरी बसून भाजी निवडलेली बरी. ती हे हसत म्हणाली. त्या हसण्यानं माझ्या तारा ढिल्या पडल्या. मित्रांनो, परत जाण्याची भीती नव्हती मला. दुकान काही वाईट नसतं. पण ज्या हातांनी मला इतक्यांदा उघडलं आणि एकदाही ओरखडा उमटू दिला नाही, ते हात शाबूत असून खाली ठेवले जाणार होते, एका चुकीच्या समजापायी.

गोष्टीची शिकवण मी इथंच सांगून टाकते, कारण शेवटी मला बोलायला जागा उरणार नाही. वस्तू बिघडली असं वाटलं तर तिला जरूर उघडा, तपासा, स्क्रू नीट जपून ठेवा. पण वस्तू ठणठणीत निघाली, तर तिला पुन्हा पुन्हा उघडू नका. मग माणसाशी बोला. वाद्याला गवसणी शिवता तसं कानांनाही जपा, त्यांचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत. आणि कुणावर माया असेल तर त्याच्या उजव्या बाजूला जाऊन नुसतं उभं राहू नका. तिथं गेलाच आहात, तर बोलून टाका.

तर मग ती परीक्षा. बाईनं मला गळ्यात घेतलं, स्पीकरला जोडलं आणि लेकीला समोर बोलावलं. म्हणाली, मी डोळे मिटून वाजवते, तू टोनचं बटण हळूहळू खाली आण, धार कमी झाली की मी सांगते. लेकीनं विचारलं, “मी लावू हात?” त्या घरात हे विचारावंच लागायचं. बाई म्हणाली, “लाव. मी सांगतेय ना.”

बाईनं डोळे मिटले आणि एकच तार छेडत राहिली. तीच ती, एका लयीत. लेकीनं माझं बटण दहावरून सोडलं. नऊ. आठ. सहा. दिराची खांद्यांत ओढलेली मान हळूहळू वर आली. चार. ठोकेसाहेबांच्या कपाळावरची आठी विरली. तीन. किती दिवसांनी मी गोड वाजत होते! खोलीतला ताठा उतरला, सगळ्यांनी नकळत श्वास सोडला. बाई एका लयीत तार छेडत होती, चेहरा लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाचा.

मग मिटल्या डोळ्यांनीच तिनं भुवया उंचावल्या.

“फिरव ना गं,” ती म्हणाली. “कशाची वाट बघतेस?”

लेकीचं बोट तिनावर तसंच होतं. बाईनं डोळे उघडले, आधी लेकीकडे पाहिलं, मग खाली, माझ्याकडे. आकडा वाचला. पुन्हा वाचला. तिचा हात तारांवरून उचलला गेला आणि हवेतच राहिला. तारांवर कुणाचाच हात नव्हता, म्हणून मी गुणगुणायला लागले. घों... त्या शांततेत मलाच माझी लाज वाटत होती, पण मी काय करणार? माझी रीतच ती.

“बटणच खराब आहे हे,” बाई घाईघाईनं म्हणाली. “मीटर काहीही सांगो. आत्ताच्या आत्ता काढून टाकते.” आणि तिनं टेबलावरच्या स्क्रूड्रायव्हरकडे हात नेला.

दीर म्हणाला, “हो वहिनी, बटणच...”

ठोकेसाहेबांनी काठ्या खाली ठेवल्या. ते उठून बाईच्या उजव्या बाजूला आले. आणि मग, मित्रांनो, त्या घरात कधी न घडलेली गोष्ट घडली. त्यांनी न विचारता माझ्या तारांवर हात ठेवला. जाडजूड, घट्टे पडलेला ड्रमवाल्याचा तळवा. मी गप्प झाले. बाई चकित होऊन आधी त्या हाताकडे आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

“बटण चांगलं आहे,” ते म्हणाले. “गिटार चांगली आहे. हात तर तुझ्यासारखे कुणाचेच नाहीत. तुला ऐकू येत नाहीये गं. माझी झांज होती तुझ्या कानाशी, इतकी वर्षं.”